तुंब्याला इंग्रजीत काय म्हणतात

७ ऑक्टोबर, सोमवार

देवरामाला पोलीस घेऊन गेले. माझा एकुलता एक मुलगा. कवडू भंडाऱ्याच्या दवाखान्यात आहे. माझा सख्खा धाकटा भाऊ. डोकं फुटलं, डावा हात गेला म्हणतात. गेला म्हणजे काय, ते कोणी नीट सांगत नाही.

कालचं लिहून ठेवतो. नाहीतर चारदा विचारतील आणि माझ्या तोंडून चार तऱ्हा निघतील.

तलावाच्या पाण्याची पाळी आमची होती. धान निसवत आहे, आता पाणी चुकलं की दाणा पोचट. कवडूने मधला मातीचा धुरा फोडून पाणी आपल्या धानाच्या बांधीत वळवलं. देवराम झुडपं तोडून येत होता, खांद्यावर कुऱ्हाड. शिव्या सुरू झाल्या. दोघांनीही आईवरून दिल्या. देवरामाने काढली ती कवडूची आई, त्याची स्वतःची आजी, आणि माझीही आईच. कवडूने फावडं घुमवलं, ते देवरामाच्या गुडघ्यावर बसलं. देवरामाने कुऱ्हाड पात्याकडून धरली आणि तुंब्याने कवडूच्या डोक्यात हाणलं. कवठ फुटल्यासारखा आवाज आला. मी चाळीस पावलांवर होतो. धावलो, चिखलात तोंडावर पडलो. उठलो तेव्हा कवडू आडवा झाला होता आणि बांधीतलं पाणी लाल.

हवालदाराला हेच सांगितलं. कोल्हापूरकडचा आहे, नवीन. भराभर लिहीत होता. मी म्हटलं, "तुंब्यानं हाणलं जी." तो म्हणाला, "बरं, पुढं." वाचून काही दाखवलं नाही. मीही मागितलं नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

देवरामासाठी लावलेले वकील साहेब म्हणाले, सगळं डॉक्टरच्या एका शब्दावर आहे. डॉक्टरने जखम सिम्पल लिहिली तर जामीन लवकर. ग्रीव्हियस लिहिली तर बसा.

सिम्पल मला येतं. साधं. दुसरा शब्द घरी येईपर्यंत घोकत आलो. ग्रीव्हियस, ग्रीव्हियस. सून वंदना म्हणाली, "बाबाजी, मंतर म्हणून राहिले का?" ती बारावी झाली आहे, पण तिलाही हा शब्द नाही ठाऊक.

मी सातवी. पाचवीत इंग्रजी अक्षरं शिकलो, ती अजून ओळखतो. शब्द नाही ओळखत.

१३ ऑक्टोबर, रविवार

तुमसरहून इंग्रजी-मराठी शब्दकोश आणला. खिशातला. अक्षर मुंगीएवढं. चष्म्यावर भिंग धरून शोधलं. ग्रीव्ह म्हणजे शोक करणे, दुःखी होणे. त्याच्याखाली ग्रीव्हियस असेल तो कागद फाटलेला. नवीन पुस्तक आणि नेमका तेवढाच कोपरा फाटका.

म्हणजे असं दिसतं की जखम कशी, ते नाही पाहत. घरच्यांना शोक किती झाला, ते पाहतात. कवडूची बायको त्या दिवसापासून ओरडून रडते, चार घरं पलीकडे ऐकू जातं. दवाखान्यातही रडली असेल, डॉक्टरने ऐकलं असेल. ती जेवढी रडेल, तेवढं आपलं वाईट.

वंदनेला म्हटलं, जा, तिला समजाव, थोडं दमानं रड म्हणावं. ती म्हणाली, "मी त्या घरात पाय ठेवला तर मले कापतील, बाबाजी."

१७ ऑक्टोबर, गुरुवार

करडीच्या बस-थांब्यावर पूनम भेटली. कवडूची मुलगी. भंडाऱ्याला नर्सिंग शिकते. मला वाटलं तोंड फिरवेल. फिरवलं नाही, पण नमस्कारही केला नाही.

मी उगाच म्हटलं, मी इंग्रजी शिकून राहिलो. तिला नुसता तो एक शब्द विचारला असता तर कळलं असतं, म्हणून आधी दोन दुसरे विचारले. अबंडंट म्हणजे काय? बेनेव्होलंट म्हणजे काय? तिने सांगितले. विपुल. दयाळू. मग तिसरा विचारला.

ती म्हणाली, "मोठे बाबा, हेच विचाराचं होतं तं सरळ विचारा न. या वयात कायले अबंडंट पाहिजे तुमाले?"

मग सांगितलं. हाड मोडलं, डोळा गेला, अवयव निकामी झाला, तर ग्रीव्हियस. रडण्याशी संबंध नाही.

"तुझ्या बाचं?"

"हाड मोडलं. कोपराच्या खालचं. दोन बोटं वळून नाही राहिली."

बस आली. मी बसलो नाही. मागून कोणीतरी भावकीतल्याने दगड मारला, पाठीत लागला. वळून पाहिलं तर थांब्यावर सगळे बसच्या पाटीकडे पाहत होते.

५ नोव्हेंबर, मंगळवार

देवराम जामिनावर सुटला. गावात मंडई आहे, दिवाळीनंतरची जत्रा, दुकानं लागली आहेत. वंदनेने ओवाळायला ताट आणलं. त्याने पायाने उडवलं. दिवा माझ्या धोतरावर पडला, भोक पडलं.

कवडूही घरी आला. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीला दे. ने संध्याकाळी तीन लाथा मारल्या. पलीकडून कवडूचा आवाज, "पाड. पाड भिंत. एका हातानं बी तुयं नरडं धरतो."

शब्दकोशात व्ही या अक्षराखाली एक शब्द सापडला. व्हिन्डिक्टिव्ह. सूड घेणारा. कोणाचं नाव लिहू त्यापुढे? दोन नावं लिहिली, मग खोडली.

२० डिसेंबर, शुक्रवार

दोषारोपपत्राची नक्कल मिळाली. वकील सा. ने वाचायला दिली. माझा जबाब मराठीत आहे, तो मी स्वतः वाचला. "माझा मुलगा देवराम याने कवडू यास कुऱ्हाडीने डोक्यात मारले."

कुऱ्हाडीने. मी असं बोललो नाही. मी तुंब्याने म्हटलं होतं.

वकील सा. म्हणाले, धारेचं हत्यार आणि मोडलेलं हाड, दोन्ही एकत्र आलं की शिक्षा मोठी. "बापाच्या जबाबानंच पोरगा चालला, काकाजी."

जेवण गेलं नाही. दे. ला अजून सांगितलं नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

ठाण्यात गेलो. हवालदार चहा पीत होता. म्हटलं, "साहेब, तुंबा म्हंजे कुऱ्हाड नाही. तुंबा म्हंजे दांडा. लाकडाचा."

तो म्हणाला, "आजोबा, आमच्याकडं तुंबा म्हणजे वाळका भोपळा. मी काय लिहायचं होतं, भोपळ्यानं डोकं फोडलं?"

बाकीचे हसले. मलाही हसू आलं, त्याची घरी येईपर्यंत लाज वाटली.

म्हणाला, आता कागद कोर्टात गेला, बदलत नाही. काय ते साहेबांसमोर सांगा.

दे. ला सांगितलं. तो गवत कापत होता. विळा जमिनीत रोवला आणि माझी बंडी धरून मला गुरांच्या कोठ्याच्या खांबावर आपटलं. एकदाच. डोक्याला मागे टेंगूळ आहे. नंतर स्वतःच पाणी आणून दिलं. म्हणाला, "बा, तू बोलतं काहून? तुले कोणी बोलाले सांगितलं होतं?"

३ जानेवारी, शुक्रवार

नकलेसोबतचा डॉक्टरचा कागद इंग्रजीत आहे. आठ ओळी. चार दिवस एकेक अक्षर उतरवून काढलं. डॉक्टरचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकिरडा उकरावा तसं. अक्षरं लागली, अर्थ लागत नाही.

पहिली जखम, डोकं: लॅसरेटेड. शब्दकोश म्हणतो, फाडणे, विदीर्ण करणे. विदीर्ण मला मराठीतही माहीत नव्हतं.

दुसरी जखम, डावा हात: इन्साइज्ड. शब्दकोश म्हणतो, कोरणे. भांड्यावर नाव कोरतात तसं? हातावर कोण कोरेल?

डोकं दुखतं. टेंगूळ अजून आहे.

१२ जानेवारी, रविवार

तलावाच्या काठावर पूनम भेटली, कपडे धुऊन येत होती. या खेपेला उगाच दुसरे शब्द नाही विचारले. म्हटलं, लॅसरेटेड?

"फाटलेली जखम. मुक्या मारानं होते. दगड, काठी. कडा वाकड्यातिकड्या."

काठी. म्हणजे तुंबा. माझं म्हणणं डॉक्टरने इंग्रजीत लिहून ठेवलं आहे. मला इतकं हलकं वाटलं की तिथेच खाली बसलो. हवालदार चुकला तरी डॉक्टर चुकला नाही. आता कोर्टात हा शब्द दाखवायचा.

दुसऱ्या शब्दाचा कागद खिशातच ठेवला. पूनम गेली नाही. बादली खाली ठेवली.

"आन दुसरा शब्द, मोठे बाबा?"

"कोणता दुसरा?"

"मीच पट्टी बदलवली न तीन महिने. मले नाही का माहीत? इन्साइज्ड. धारेची जखम. कडा सरळ, ब्लेडनं कापल्यावानी. हाडापर्यंत."

मी म्हटलं, कोरणे म्हणजे...

"कोरणे नाही, मोठे बाबा. कापणे."

बादली उचलून गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वकील सा. कडे. मी सरकारचा साक्षीदार आहे. दे. ला वाचवायचं तर होस्टाइल व्हावं लागेल. मराठीत फितूर. कोशात पाहिलं, होस्टाइल म्हणजे वैरी, शत्रुपक्षाचा. बापाने मुलाला वाचवायला आधी वैरी व्हायचं. कोणाचा, विचारलं. वकील सा. हसले, "सरकारचा."

मग स्वतःच म्हणाले, होस्टाइलची गरज नाही. तुमचं तुंब्याचं फार कामाचं आहे. डोक्याची जखम डॉक्टरच म्हणतो मुक्या माराची. राहिला हात. तो कवडू आपल्याच फावड्याच्या धारेवर पडला, म्हणून कापला. "तुम्ही एवढंच करा, काकाजी. तुंबा म्हणा आन थांबा."

दे. बाजूलाच बसला होता. येताना मोटारसायकलवर पूर्ण रस्ता तेच म्हणत होता. तुंबा म्हण, थांब. तुंबा म्हण, थांब. गतिरोधकावर मुद्दाम जोरात घ्यायचा.

६ मार्च, गुरुवार

वंदना आठवडाभर चुलीपाशी पदर घट्ट ओढून बसते. आज पाणी काढताना पदर सरला. खांद्यापासून कोपरापर्यंत निळं-काळं, मधे पिवळं. विचारलं तर म्हणे, पडली.

डॉक्टरच्या कागदावर आणखी एक शब्द आहे, तो मी पाठ केला आहे. कंट्यूजन. कातडी न फुटता आत रक्त साकळणे. मी मनात तोच शब्द म्हटला. पिवळं म्हणजे आठवडा झाला. एवढं शिकलो.

"कायनं?"

तिने कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे कुऱ्हाडीचा नवा तुंबा टेकवून ठेवला होता, पातं न बसवलेला. जुनी कुऱ्हाड पोलिसांकडे जमा आहे.

वंदना म्हणाली, "बाबाजी, मी एवढंच म्हटलं होतं का कवडू काकाजीच्या घरी माफी मांगून या."

दे. बारा वर्षांचा असताना बैल सुटले म्हणून मी त्याला असाच झोडपला होता. तो ओरडला नाही. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं.

७ मार्च, शुक्रवार

७ ऑक्टोबरला लिहिलं, त्यात एक गोष्ट कमी आहे. या वहीत तरी लिहायला पाहिजे होती. पाच महिने हे पान टाळलं.

मी चिखलात पडलो, ते खरं. उठलो तेव्हा कवडू आडवा होता, तेही खरं. पण मधे मी तोंड वर केलं होतं. कवडू गुडघ्यांवर होता, डोक्यातून रक्त डोळ्यांत उतरलेलं. त्याचं फावडं लांब पडलं होतं, पाण्यात. देवरामाने कुऱ्हाड हातात फिरवली. लाकूड फोडताना फिरवतो तशी, सहज. पातं पुढे आलं. कवडूने डावा हात आडवा धरला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, धर त्याले."

मी उठू शकलो असतो. पाय धड होते. चिखल घोट्यापर्यंतच. मी पुन्हा तोंड खाली घातलं. आवाज आला तेव्हा तोंडात चिखल होता.

हे कवडूला माहीत आहे. मी दुसरा घाव पाहिला, हे त्याने पोलिसांना सांगितलं नाही. का, ते

२० मार्च, गुरुवार

समन्स आलं. ८ एप्रिल.

दे. ने वाचलं आणि घडी करून माझ्या खिशात घातलं. वर थापटलं, दोनदा, जोरात. जेवताना म्हणाला, "बा, मी आत गेलो तं धान कोण लावन? तू? का हे?" आणि वंदनेच्या ताटाला हाताने धक्का दिला. भात जमिनीवर.

ती उचलायला वाकली. तिचा उजवा हात अजून पूर्ण वर जात नाही.

दे. आत गेला तर हे घर बसतं. दे. घरात राहिला तर हिला एक दिवस दवाखान्यात नेतील आणि डॉक्टर आठ ओळी लिहील. मी कोशात शब्द शोधत बसेन.

७ एप्रिल, सोमवार

पूनम स्वतः दारात आली. दे. शेतावर होता म्हणून आली असेल. आत नाही आली.

"उद्या साक्ष आहे न तुमची?"

"हाव."

"बा म्हणे, भाऊले सांग, भिऊ नको. काय सांगाचं ते सांग."

"आणखी काय म्हणाला?"

"हातावर तेल लावत बसला."

वंदना आतून ऐकत होती. पूनम गेल्यावर म्हणाली, "बाबाजी, तुमी खरं सांगाल का खोटं सांगाल, मले नका सांगू. मी रोटी करून देतो उद्याची."

८ एप्रिल, मंगळवार. कोर्टाबाहेर, बाकावर

सकाळी अकरापासून बसलो. एक वाजून गेल्यावर पुकारा झाला. पिंजऱ्याचा कठडा धरला.

सरकारी वकिलाने जबाब वाचून दाखवला. कुऱ्हाडीने मारले, बरोबर? मी म्हटलं, "तुंब्यानं, साहेब." न्यायाधीश साहेब या भागातले नाहीत. त्यांनी लिहिणं थांबवलं. "तुंबा म्हणजे काय?"

मी म्हटलं, "हँडल, साहेब. इंग्रजीत हँडल. लाकडाचं. त्यानं डोक्याची जखम झाली, लॅसरेटेड."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. साहेब म्हणाले, "आजोबा, तुम्ही किती शिकलात?" सातवी, म्हटलं. त्यांनी टंकलेखकाला सांगितलं, लिहा, कुऱ्हाडीच्या दांड्याने. ते लिहिलं गेलं. मी डोळ्यांनी पाहिलं. हवालदाराची चूक दुरुस्त झाली. दे. च्या वकिलाने मान हलवली, बस, आता थांबा.

मी थांबलो.

साहेब म्हणाले, "ठीक आहे. हे पहिल्या माराचं झालं. मग पुढे काय पाहिलं?"

मी तोंड उघडलं. काय निघणार होतं मला खरंच माहीत नाही. तेवढ्यात शिपायाने घड्याळ दाखवलं. जेवणाची सुट्टी. साहेब म्हणाले, अडीच वाजता पुढे. साक्षीदाराशी कोणी बोलू नका.

आता दोनला दहा कमी. कोणी बोलत नाही. दे. समोर पानठेल्यापाशी उभा आहे, एकटक इकडे पाहतो. मुठी वळतो, उघडतो.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला कवडू येऊन बसला. त्याने डबा गुडघ्यांत धरला आणि उजव्या हाताने झाकण ओढू लागला. ते घट्ट होतं. डावा हात वर आणला, बोटं झाकणावर ठेवली, ती वळली नाहीत. पुन्हा ओढलं. डबा निसटला, मी धरला. झाकण काढून परत दिला. हाताचा व्रण जवळून पाहिला. सरळ आहे. फूटपट्टीने आखल्यासारखा.

त्याने अर्धी भाकर तोडून माझ्या बाजूला बाकावर ठेवली. दे. तिथून पाहत होता. मी ती खाल्ली नाही, आणि परतही नाही केली.

दोन वाजून वीस. शिपाई दार उघडतो आहे. वही बंद करतो.